न परतलेले रोगी

दवाखान्याच्या दारात सकाळपासून झुंबड उडाली होती. निम्मे लोक आजारी, निम्मे नुसतेच बघे. नवं यंत्र बसलं होतं ना! त्याला नाव, पत्ता आणि त्रास सांगायचा. लाल दिवा लागला तर लगेच आत, हिरवा लागला तर बसून राहा.

"तुमचे कंपाउंडरकाका गेले, पण त्यांची नजर गेली नाही!" यंत्र विकणारा हातवारे करत सांगत होता. "त्यांनी आयुष्यभर पाहिलेले सगळे रोगी याला तोंडपाठ आहेत. आणि याला ना मामा ना मेहुणा, वशिला लावणार कुणाचा?"

लोकांनी चक्क हात जोडले. "काकाच बसलेत आत," एक म्हातारबुवा पुटपुटले. मी इथली नर्स, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण यंत्र खरोखरच काकांसारखं वागत होतं. टेकडीवरच्या बंगल्यातली शिंक लाल, नाल्यापलीकडचा ताप हिरवा.

नाल्यापलीकडची एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन आली. पोरगी पोट धरून वाकली होती. दिवा हिरवा लागला.

"अहो, कालपासून तळमळतेय ही," बाई म्हणाली.

"ताई, यंत्राला सगळं कळतं," विकणारा म्हणाला. "तुमच्याकडची माणसं राईचा पर्वत करतात, हेसुद्धा!"

आमच्या डॉक्टरीणबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी पोटाला हात लावताच पोरगी किंचाळली. तिला तडक ऑपरेशनच्या तयारीसाठी आत पाठवलं. मग डॉक्टरीणबाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच मुलीचं नाव, तोच त्रास पुन्हा सांगितला. पत्ता मात्र टेकडीचा दिला.

दिवा लाल लागला.

"मॅडम, आम्ही भेदभाव कुठे घातलाय?" विकणारा चाचरला. "जुनी माहिती तेवढी घातली. कोण आलं, कुणाला आधी घेतलं, पुढे काय झालं."

"आणि जे ताटकळून निघून गेले, ते?"

"ते बरे झाले असं धरलं. नाहीतर परत आले नसते का?"

काका नाल्यापलीकडच्यांना नेहमी शेवटी ठेवायचे. बसून बसून ती माणसं उठून जायची, आणि त्यातली काही घरीच मरायची. यंत्राने त्यातून धडा घेतला की तिकडची दुखणी आपोआप बरी होतात. काकांचा आत्मा वगैरे काही नव्हता. आमच्या दवाखान्याची जुनी खोड होती ती, आता विजेवर चालणारी.

मुलीची आई पुढे आली.

"माझा नवरा इथूनच उठून घरी आला होता. दुसऱ्या दिवशी गेला. तुमच्या यंत्रात तो बरा झालाय का?"



पोरगी वाचली. यंत्र त्याच दिवशी बंद केलं. पण बाकावरून कुणी उठून दाराकडे निघालं की अजूनही मी मागे धावते.

भुतं नसतात, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तुम्हाला कुणी सांगितलं की अमुक यंत्र कधी चुकत नाही, तर हात जोडू नका. ते कुणाकडून शिकलं ते विचारा. आणि शिकवताना कुणाचं मरण बरं होण्यात धरलं, तेही विचारा.