समोरच्या दाराची बेल

"भिंतीचा रंग बदलता येतो, शेजारी नाही. घर घेण्याआधी समोरच्या दाराची बेल वाजवा," असं एजंटकाका प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. आज घर बघायला आलेल्या एका आगाऊ पोरीने उलट विचारलं, "काका, तुमचे शेजारी कसे आहेत?" काकांनी तिला घाईघाईने बाल्कनी दाखवायला नेलं. बायको गेल्यापासून नऊ वर्षं ते एकटे राहत होते, पण समोरच्या दारावरची पाटीही त्यांनी धड वाचली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

संध्याकाळी त्यांनी केस विंचरले, सवयीने 'घर खरेदी-विक्री' छापलेली फाइल बगलेत मारली आणि समोरची बेल वाजवली. दार बोटभर उघडलं. बाईंनी आधी फाइल पाहिली.

"आम्हाला घर विकायचं नाही हो," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

"मी समोरच राहतो," काका बंद दाराला म्हणाले.