ओळखू येईल असं चित्र

साप्ताहिकाचे संपादक रणधीरराव एकच मंत्र देत. "चित्र बघताक्षणी कळलं पाहिजे. चोर आहे एवढ्यावर भागत नाही, कुणाचा आहे तेही कळू द्या." धाराशिवच्या त्या कचेरीत वैजनाथ नऊ वर्षं व्यंगचित्रं काढत होता. मुसलमान दाखवायचा म्हणजे दाढी, टोपी, हिरवा रंग. नाव लिहायची गरजच नाही. एकदा सवय लागली की डोकं झोपतं आणि हात आपला चालत राहतो, तसं त्याचं झालं होतं.

मोहरमच्या तोंडावर पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. वैजनाथनं चहा यायच्या आत चित्र उरकलं. हिरव्या झग्यातला फकीर, खांद्यावर झोळी, झोळीतून लोंबणारा पोराचा पाय. खाली 'अफवेचा फकीर' असंही लिहिलं. टिंगल अफवेची होती हो, पण ती ओळ वाचतो कोण? चित्र मोबाइलवर गावोगाव फिरलं आणि लोकांनी फक्त फकीर पाहिला.

आता त्याचे वडील गोरोबा स्वतःच दर मोहरमला फकीर होत. घर शेतकऱ्याचं, देव्हाऱ्यात खंडोबा. पण वैजनाथ तीन वर्षांचा असताना तापानं गेल्यात जमा होता, तेव्हा, पोर जगलं तर दर मोहरमला फकीर होईन, असा नवस ते पीराला बोलले. तेव्हापासून दहा दिवस हिरवा झगा, गळ्यात पीराच्या नावाचा रंगीत दोऱ्याचा नाडा आणि पाच घरची भिक्षा. आपल्याकडं यात कुणाला नवल नव्हतं. वैजनाथला तर ते इतकं सवयीचं होतं, की घरातला तो झगा आणि चित्रातला झगा यांची त्याच्या मनात कधी गाठच पडली नाही.

सातव्या दिवशी नळदुर्गजवळच्या एका वस्तीवर लोकांनी पोरं पळवणारा समजून गोरोबांना घेरलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत वैजनाथला एकच धास्ती होती, चित्र कुणी काढलं ते वडिलांना कळेल ही. गोरोबांचा एक डोळा मिटला होता, बरगड्या मोडल्या होत्या.

"कसं झालं, आण्णा?"

"आधी मोबाइल दावला. 'ह्योच त्यो' म्हनले. मग काठ्या." बोलताना त्यांना धाप लागत होती. "खिशातलं आधार कार्ड पडलं, नाव वाचलं, तवा थांबले. पानी पाजलं. पाया पडले. 'आपलाच मानूस निघाला, आधी सांगायचं की बाबा' म्हनले."

"मग सांगितलं का न्हाय तुम्ही?"

"काय सांगू? म्या तुमचा हाय, मला मारू नका? म्हंजी दुसऱ्याला मारा?"

वैजनाथची मान खाली गेली. चित्र आपण काढलंय हे आण्णांना कळलं नाही, या विचारानं त्याला जरा हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला किळस आली.

"त्या चित्रात झग्याच्या खांद्याला ठिगळ व्हतं," गोरोबा म्हणाले. "तुझ्या आईनं लावलेलं. तसंच, तिरकं. बघितलं अन् तोंडच उघडंना."

वैजनाथ त्यांचा हात धरायला पुढं झाला. गोरोबांनी तो पांघरुणाखाली ओढून घेतला.