देवपूरचा आवाज

आमच्या बँडला एकच खरी चाहती मिळाली आणि तिने पहिल्याच दिवशी भांडण काढलं. आमच्याशी नाही, कॅफेवाल्याशी. जळगावात पहिल्या मजल्यावरचा कॅफे, खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. भूपेंद्र डोळे मिटून हळू आवाजातलं गाणं म्हणत होता आणि ऐन मध्यावर काउंटरवरचा कोल्ड कॉफीचा मिक्सर घरघरायला लागला. आम्हाला त्याची सवय होती. पण पुढच्या टेबलावरची एक मुलगी ताडकन उठली, काउंटरपाशी गेली आणि म्हणाली, "काका, गाणं संपेपर्यंत कॉफी नाही मिळाली तर कोण मरणार आहे का?" मिक्सर बंद झाला. भूपेंद्रने डोळे न उघडता गाणं पूर्ण केलं, पण त्याच्या ओठांवरचं हसू मला बाजूने दिसत होतं.

ती दिपमाला. धुळ्याची, देवपूरची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्हाला ऐकायला ती एसटीने जळगावला आली होती. हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग संशय. हिला कुणीतरी दुसऱ्याच बँडचा पत्ता दिला असणार, असं मी भूपेंद्रला म्हणालोही.

बँड म्हणजे तरी काय, आम्ही दोघं. भूपेंद्रचा गळा आणि गिटार, आणि माझा कहोन, म्हणजे ज्या लाकडी खोक्यावर बसायचं तोच हाताने वाजवायचा. नाव 'कळणा', आमच्याकडच्या भाकरीच्या पिठावरून. दोघंही पाइपच्या कारखान्यात कामाला, एकाच खोलीत राहायला. गाणी भूपेंद्र करायचा, अहिराणीत. लग्नात वाजतात तसली नाचायची नव्हेत. शिफ्ट सुटल्यावरच्या रस्त्याची, भाड्याच्या खोलीची, गावाकडून येणाऱ्या फोनची. आमचे नातेवाईक विचारायचे, "स्वप्नील, तुम्ही डीजे कधी आणणार?" मी सांगायचो, पुढच्या वर्षी. त्यांचं समाधान व्हायचं.

दिपमालाचं वेड मात्र पाहण्यासारखं होतं. तिच्या घरी पोरांनी अहिराणी बोललेलं चालायचं नाही. "नीट बोल," असं ऐकतच ती मोठी झाली. आई स्वतः माहेरच्या फोनवर तीच भाषा पोटभर बोलायची आणि फोन ठेवला की पुन्हा नीट व्हायची. म्हणून की काय, आमची चार गाणी यूट्यूबवर सापडल्यावर ही पोरगी त्यांच्यावर तुटून पडली. स्कूटीवर 'कळणा'चे स्टिकर. कॉलेजच्या जिन्यात आमची पोस्टरं, तीही तिनेच काढलेली. मैत्रिणींना ओढून आणायची, त्यांनी मोबाइल बघितला की कोपराने ढोसायची. भूपेंद्र ओळ विसरला तर खालून ही सांगायची. प्रत्येक कार्यक्रम फोनमध्ये रेकॉर्ड करायची आणि प्रत्येक गाणं पहिल्या शब्दापासून सोबत म्हणायची. सुरात म्हणायची असं नाही. जोरात म्हणायची.

भूपेंद्र तिला नावाने हाक मारायचाच नाही. "ओ देवपूर" म्हणायचा. ती खूश.

मला तिचा राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही. कमी वाजवणाऱ्याला जास्त बोलणाऱ्याचा येतो तसा.

भूपेंद्रची आई, ताईबाई, शिंदखेड्याकडच्या गावात राहते. तिचा रोज सांजेला फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "जेवना का रे भाऊ?" आणि हा म्हणायचा, "जेवनू माय." बहुतेक वेळा जेवलेला नसायचा. मेसचा डबा कोपऱ्यात तसाच, आणि हा गिटारच्या तारा पिळत बसलेला. याच खोटेपणाचं त्याने गाणं केलं.

*फोन उना सांजले, माय इचारस जेवना का,*
*डबा उघडा नही तरी, जेवनू माय, जेवनू.*

एवढं साधं. पण दर कडव्याला डबा वेगळा, खोली वेगळी, वय वेगळं, आणि उत्तर तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात कहोनवर तसाच राहिला.

मी म्हटलं, हे आधी रेकॉर्ड करू. तो म्हणाला, "नही. मायले पहिले ऐकाडसू, मंग रेकॉर्ड करसूत. फोनवर नही. समोर बसीसन." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन ऐकवायचं, असं त्याने ठरवलं. तोवर दोन-तीन कार्यक्रमांत तो ते म्हणाला. आईला फक्त सांगून ठेवलं, की माय, तुझ्यावर गाणं केलंय.

आखाजी यायला बराच अवकाश होता. त्याआधी पावसाळा सरताना त्याला डेंग्यू झाला. ताप आला, उतरला, आम्ही निर्धास्त झालो, आणि मग एकदम सगळं हातातून गेलं. त्याची गिटार खोलीतच होती. कुणाला द्यावी ते मला कळेना म्हणून मी ती पलंगाखाली सरकवली.

दहाव्याला गावी गेलो तेव्हा ताईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तो म्हने, माय, तुनावर गानं करेल शे. मी ऐकं नही. तुनाकडे शे का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आखाजीले त्यानी घागर भरसूत. तवय लई ये."

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने नवी मातीची घागर भरतात, गोडाधोडाचं ताट दाखवतात. वर्षात गेलेल्याची पहिली घागर म्हणजे घरातल्यांच्या काळजाचा दिवस. पोराने केलेलं गाणं त्याच्या घागरीपुढे ऐकायचं, एवढंच त्या बाईने मागितलं होतं. आणि ते गाणं माझ्याकडे नव्हतं.

असलं तर दिपमालाकडे असणार, म्हणून मी धुळ्याला गेलो. ते गाणं झालं तेव्हा पहिल्या वेळी ती नुसती ऐकत राहिली होती, रेकॉर्ड करायचं विसरली. दुसऱ्या वेळी फोनमध्ये जागा नव्हती. तिसरा कार्यक्रम धुळ्यातलाच, वाचनालयाच्या हॉलमधला, तो पूर्ण होता. तिने फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला.

दिपमालाच ऐकू आली. तोवर तिला गाणं पाठ झालं होतं आणि फोन तिच्या तोंडापाशी होता. भूपेंद्र कुठेतरी मागे, भिंतीपलीकडून बोलल्यासारखा. ती पुढे, जोरात, मनापासून, बेसूर.

"तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो. बोलायला नको होतं. तिने ओढणी तोंडावर दाबली आणि तिथेच, कॉलेजच्या फाटकाशी, पायऱ्यांवर बसून रडली. मला दया आली नाही. माझा मित्र गेला होता आणि त्याच्या शेवटच्या गाण्यावर ही बसली होती.

मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर साफ करायला घेतलं. हिचा आवाज काढावा तर त्याचाही जायचा. सारखे एकाच सुतात गुंतलेले. शेवटी एका मित्राने एआयचं सुचवलं. यूट्यूबवरच्या चार गाण्यांतून त्याचा आवाज शिकवायचा आणि त्या आवाजाकडून हे गाणं म्हणवून घ्यायचं. मी गिटार वाजवून घेतली, कहोन वाजवला, शब्द भरले. जे तयार झालं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भूपेंद्रच. स्वच्छ, जवळ, एकही सूर न चुकणारा. मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

आखाजीच्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर दिपमाला उभी होती. येऊ नको, असं मी सांगून ठेवलं होतं. बसमध्ये मी तिला ते ऐकवलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"दादा, हे कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"तो 'डबा' म्हणायच्या आधी नेहमी श्वास घ्यायचा. हा कुठे श्वासच घेत नाही."

"मग काय तुझा आरडाओरडा ऐकवू त्या माउलीला?"

"हो," ती म्हणाली. "माझी चूक आहे, मी सांगेन त्यांना. पण तो त्याच्यात आहे, दादा. याच्यात नाही."

 दिवसभर टिकेल एवढा राग माझ्याकडे होता. फोन माझ्या खिशात आणि ऐकवणार मी, असं मी मनात पक्कं केलं.

घरी पोचलो तेव्हा घागर भरून ठेवलेली होती. तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. भूपेंद्रचे वडील, उखर्डू आबा, ओट्यावर पाठमोरे बसले होते. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. ताईबाईंनी ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकला, ताट घागरीपुढे सरकवलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "जेव रे भाऊ."

मग पदर आवरून बसल्या आणि माझ्याकडे बघितलं. "लाव आते."

मी फोन काढला. गाणं समोर होतं, बोट लावायचं फक्त. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हाऊ कोठला कार्यक्रम शे? मानसं व्हतात का?"

 कुठला सांगू? कुठलाच नाही. जिथे हे गाणं झालं अशी जागा नव्हती, असा दिवस नव्हता, समोर कुणी माणूस नव्हता. खोटं नाव घ्यायला कितीशी अक्कल लागते, पण त्या ताटापुढे जीभ उचलेना. 

"धुळ्याचा आहे, मावशी," मागून दिपमाला म्हणाली. "वाचनालयाच्या हॉलमधला. खुर्च्या भरल्या होत्या, काही माणसं उभी होती. मी पुढेच बसले होते." मग तिचा आवाज चिरकला. "मी सोबत गात होते. माझाच आवाज जास्त येतो. त्याचा कमी येतो. माझी चूक झाली."

ताईबाईंना ते नीट समजलं नसावं. त्या म्हणाल्या, "लाव, बहीन."

तिने तिचा फोन घागरीच्या बाजूला जमिनीवर ठेवला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, गिटार वाजली. आणि मग दिपमाला, घसा फाडून. मला कुठे बघावं कळेना. ताईबाई वाकल्या, कान फोनपाशी नेला. पहिलं कडवं गेलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. रस्ता ओलांडताना गर्दीत आपलं माणूस शोधावं तशा त्या ऐकत होत्या.

दुसऱ्या कडव्याच्या मध्ये गाणं थांबलं. हे मी विसरलोच होतो. साफ करताना हा तुकडा मी निरुपयोगी म्हणून सगळ्यात आधी कापून टाकला होता. दिपमाला गप्प झाली होती आणि फक्त भूपेंद्र ऐकू येत होता, हसत होता.

"ओ देवपूर, मी गाऊ का तूच गाशी?"

हॉल हसला. तो अजून हसतच होता, तेच नाकातून सुरू होणारं हसू. "चाला, बठ्ठाजन म्हना."

आणि सगळा हॉल म्हणाला. जेवनू माय, जेवनू. त्याच्यासोबत, तिच्यासोबत, माझा कहोनही होता त्यात. पुन्हा, आणि पुन्हा.

ओट्यावरून उखर्डू आबा आत आले होते. दाराची चौकट धरून उभे होते.

गाणं संपलं. टाळ्या संपल्या. ताईबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "इतला लोकेस्ले ठाऊक व्हतं? मी काय इचारस ते?"

"हो मावशी," मी म्हणालो.

"खोटं बोले तो. रोज खोटं बोले. मले समजे, आवाजवरतीन." त्यांनी डोळे पुसले नाहीत. नवऱ्याकडे वर बघितलं. "ऐकं का? आज जेवना तो. आज खरंच जेवना."

आबांनी मान हलवली आणि चौकटीवर कपाळ टेकवलं. माझं रडू तेव्हा फुटलं. इतके महिने ते कुठे होतं, देव जाणे.

खिशातला माझा फोन मांडीला लागत होता. त्यातल्या भूपेंद्रला ताईबाईंनी ऐकलं असतं, तर तो जेवला की नाही हे त्यांना कधीच कळलं नसतं.

दिपमाला कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. ताईबाई तिच्याकडे वळल्या, तिचा चेहरा नीट बघितला.

"तूच का ती देवपूर?"

तिने मान खाली घातली.

"जेवनी का तू?"

"हो," दिपमाला म्हणाली. "घरूनच जेवून निघाले."

 ताईबाई उठल्या, फळीवरून एक ताट काढलं, पदराने पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं.