जेवणानंतर दोन तुकडे

कुडव्याच्या गीताबाईंची सून दामिनी घरी चॉकलेट बनवते, हे सांगायला सोपं होतं; खाऊ घालायला अवघड. केरळातल्या एकाच मळ्यातलं कोको मागवायचं, भाजायचं, फोलपटं पाखडायची आणि दगडी चाकांच्या मशीनमध्ये तीन दिवस वाटत ठेवायचं. एवढा उपद्व्याप करून एका घाण्याला निघायचे चाळीस बार, आणि तेही कडूजहर. शेजारच्या रीनानं तुकडा तोंडात टाकला आणि तशीच मागच्या दारी गेली. परतली ती चूळ भरूनच.

गीताबाईंना सुनेचा अभिमान होता, पण तो जिभेपर्यंत काही पोचत नव्हता. त्या आमगावला भावाकडे निघाल्या, तेव्हा दामिनीनं हातात दहा बार ठेवले. "मामाजींना द्या आई. कसं वाटलं ते विचारा."

हा भाऊ, टेकचंद, म्हणजे तोंडाचा फाटका माणूस. त्यानं अर्धा बार एकदम चावला आणि त्याचा चेहरा आवळला.

"गीते, काय होय वो हे?"

आता हा गल्लीभर सुनेची शोभा करणार, या धास्तीनं गीताबाईंच्या तोंडून निसटलं, "औषध. पोटाचं."

टेकचंद एकदम खुलला. औषध जितकं कडू तितकं गुणाचं, यावर त्याची जन्माची श्रद्धा. "तरीच म्हटलं! कसं घ्यायचं?"

"जेवल्यावर दोन तुकडे."

"पाण्यासंगं?"

"पाण्यासंगं," गीताबाई म्हणाल्या. एकदा पाय घसरल्यावर पुढचं आपोआप होतं.

पंधरा दिवसांनी टेकचंदचा फोन आला. औषध संपत आलं, अजून पाठव, शेजारच्या चुन्नीलाललेही पाहिजे. मामाजींना इतकं आवडलं हे ऐकून दामिनी हरखलीच. वीस बार बर्फाच्या डब्यात घालून तिनं स्कूटी काढली. "ऊन किती आहे, कायले जातं?" म्हणत गीताबाईंनी अडवून पाहिलं. शेवटी मुकाट्यानं मागे बसल्या.

आमगावला पोचल्या तर टेकचंद आणि चुन्नीलाल नुकतेच जेवून ओसरीवर बसले होते. दोघांनी नाक दाबलं, डोळे मिटले, उरलासुरला एकेक तुकडा तोंडात टाकला आणि वरून गटागटा पाणी प्याले.

"मामाजी!" दामिनी ओरडलीच. "गिळता काऊन?"

"औषध का चघळत बसू?"

दामिनीनं सासूकडे पाहिलं. सासू कौलं न्याहाळत होती.

"चॉकलेट आहे ते!"

"चॉकलेट?" टेकचंद भडकला. "साठी उलटली माही. लेकरू समजली का मले, गीते?"

"पण पोट तं हलकं होऊन राहिलं," चुन्नीलाल चाचरत म्हणाला.

तेवढ्यात टेकचंदची बायको पुष्पाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. दहा बार काय तुम्ही दोघांनीच संपवले?"

दामिनीनं नवा बार फोडला. "आता माझ्या म्हणण्यानं घ्या. पाणी नाही, चावायचं नाही. जिभेवर ठेवा फक्त."

टेकचंदनं फणकाऱ्यानं तुकडा जिभेवर ठेवला, चुन्नीलालनंही एक घेतला. तुकडा हळूहळू विरघळत गेला. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. "पोरी, मागून जांभळावानी लागते वो हे."

"मले तं काहीच नाही लागलं," चुन्नीलाल म्हणाला.

"तुम्ही गिळलं, काकाजी."

"सवय पडली ना."

दामिनीनं उरलेला तुकडा सासूपुढे धरला. गीताबाईंनी आजवर सुनेचं चॉकलेट कधी चाखलंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटून तुकडा जिभेवर ठेवला आणि जांभळाची वाट पाहिली. सगळे टक लावून बघत होते. 'छान आहे' म्हणणं काही जड नव्हतं, पण आता खोटं बोलायचा त्यांना वीट आला होता.

"कडूच आहे माय," त्या म्हणाल्या.

आधी दामिनी हसली, मग पुष्पाबाई, मग टेकचंदला ठसका लागेस्तोवर हसू आलं.

परतताना, स्कूटी गावाबाहेर पडल्यावर, मागून हळूच आवाज आला, "दामिनी, त्या मशीनीत साखर थोडी जास्त पडली तं बिघडते का वो?"

दामिनीनं नुसता स्कूटीचा वेग वाढवला. पुढच्या वेळी मात्र चाळिसांतले पाच बार तिनं वेगळे, गोड काढून डब्यात ठेवले. गीताबाईंनी त्यातले दोन त्याच दुपारी फस्त केले.