फाटकापाशी अडवलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुनं पत्र्याचं पिंप आहे. १९९३ साली कोल्हापुरात पिराजी मिस्त्रींनी मला घडवलं, तोटी बसवली आणि एका शाळेत पोचवलं. दहा-बारा वर्षं मी मुलांची तहान भागवली. मग प्लास्टिकची टाकी आली आणि मला सायकल स्टँडच्या कोपऱ्यात टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू पसरला. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी शाळेचे नियम ठरले : तोंडाला रुमाल, हात धुऊनच आत, दोघांत हातभर अंतर आणि ताप असेल त्याने घरी थांबायचं. नियम पाळायला लावण्याचं काम दहावीच्या मुलांकडे होतं. त्यांनी मला घासून फाटकापाशी ठेवलं. साबण घेऊन त्यांच्यातली दीक्षा माझ्याशेजारी उभी राहिली.

शाळेच्या बँडचा प्रमुख शशिधर आला तो अंगात कणकण घेऊनच. दोन महिने त्याने सराव केला होता. लांब उभा राहून वाजवतो, असं तो विनवत होता. दीक्षाने ऐकलं नाही. गळ्यातला ढोल काढून त्याने मित्राकडे दिला आणि मान खाली घालून तो घरी गेला.

थोड्या वेळाने जीपमधून प्रमुख पाहुणे जोतीराम अण्णा उतरले. शाळेला प्रयोगशाळा बांधून देणार होते ते. खोकला थांबत नव्हता. वाटेत तापाचं इंजेक्शन घेतल्याचं त्यांच्या ड्रायव्हरनेच सांगितलं.

दीक्षा आडवी आली. "अण्णा, आत जाता येणार न्हाय."

"मला अडवणारी तू कोण?"

"आमच्या शशिधरला आत्ताच घरी लावून दिलंय. तुमास्नी कसं सोडू?"

ती जागची हलली नाही. एकेक करून बाकीची मुलं तिच्या बाजूला उभी राहिली, हातभर अंतर ठेवून. अख्खं फाटक भरून गेलं. हेडसर धावत आले. ते एवढंच म्हणाले, "अण्णा, नियमाखाली सही माझी हाय."

जीप परत गेली. झेंडावंदन शाळेच्या शिपाई शालूबाईंच्या हस्ते झालं.

शशिधरला स्वाइन फ्लूच निघाला. आठ दिवस तो दवाखान्यात होता. बँडमधल्या एकालाही ताप आला नाही. तरी शाळा चालवणाऱ्या संस्थेने दीक्षाकडे माफीपत्र मागितलं. अण्णांची प्रयोगशाळा जाणार होती ना! मुलांनी पत्र दिलं, पण त्यात माफी नव्हती. 'आम्ही सगळ्यांनी अडवलं, पुन्हाही अडवू,' एवढंच होतं. खाली बेचाळीस सह्या होत्या. दवाखान्यातून परतलेल्या शशिधरने पहिली सही केली होती.

प्रयोगशाळा अजून झालेली नाही. मीही पुन्हा कोपऱ्यात आलोय, बुडाला गंज धरलाय. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. स्वतःला जपा, शेजारच्याला जपा, आणि नियम मोडणारा कितीही मोठा असला तरी त्याला वाट देऊ नका.