शेजारचा ब्रेक

भिंगरीच्या बाबांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नसे. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढलेली. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोर कुत्रं दिसो, सायकल दिसो, नाहीतर नुसती कुणाची सावली दिसो, बाबांचा पाय खाली. आता तो बसमध्ये दाबला जायचा, लिफ्टमध्ये दाबला जायचा, टीव्हीवर कुणी गाडी पळवली तर सोफ्यावरसुद्धा. आई म्हणायची, "हा माणूस झोपेतही ब्रेक लावतो. माझ्या नडगीला विचारा!"

एरवी भिंगरी हसली असती. पण गेले पंधरा दिवस तो पाय तिच्याच वाटेत आडवा होता.

शाळा तिने गेल्या वर्षीच सोडली होती. एका जागी बसणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून तर घरात तिचं नाव भिंगरी पडलं. आता दुसऱ्या गावात ठोकलेल्या गाड्या सरळ करून रंगवायच्या कारखान्यात तिला शिकाऊ म्हणून घेत होते, राहायच्या खोलीसकट. पण वय सतरा. फॉर्मवर बापाची सही हवी आणि फॉर्म सोमवारी पोचायला हवा. बाबा म्हणाले होते, "बघू." बाबांच्या 'बघू'चा अर्थ घरातल्या मांजरालाही ठाऊक होता.

आज शनिवार. आणि हे चौघं बर्फात.

ही सहल आईने ठरवलेली. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिच्याबरोबर काम करणारी एक बाई या बर्फाच्या गावी जाऊन आली होती, तेव्हापासून आईच्या डोक्यात बर्फ बसला. सीझन उलटून गेल्यावरचं स्वस्तातलं पॅकेज. खोलीत एकावर एक चार पलंग, आणि हीटर असा की फक्त स्वतःच्या मागची भिंत तापवी. भाड्याचे बूट ओले, आतून आधीच्या शंभर पायांचा वास.

बूट देणाऱ्या माणसापुढे बाबा स्की उलटीसुलटी करून बघत होते.

"याला ब्रेक कुठाय?"

"हा काय." त्याने बुटाच्या जागेजवळचे दोन काटे दाखवले. "बूट निसटला की आपोआप लागतो."

"म्हणजे माणूस पडल्यावर?"

"हो."

"पडल्यावर लागून काय उपयोग? आरती करू त्याची?"

"बाबा, चला ना," भिंगरी दातओठ खात म्हणाली. मागे रांग लागली होती.

उतारावर शिकवायला एक ठेंगणी बाई होती, गळ्यात शिट्टी. भिंगरीच्या सात वर्षांच्या धाकट्या बहिणीने, ठमीने, तिचं नाव लगेच शिट्टीबाई करून टाकलं. शिट्टीबाई म्हणाली, "पुढची टोकं जवळ, मागची लांब. दोन्ही पायांवर सारखा भार. एकच पाय दाबलात तर तोंड फिरेल."

ठमी निघाली ती थेट खाली. आई निघाली, "अगं आई गं" म्हणत का होईना, पोचली. बाबा निघाले, वेग आला, आणि बावीस वर्षांची सवय जागी झाली. उजवा पाय खाली! स्की डावीकडे वळल्या आणि बाबा उताराच्या कडेच्या नारिंगी जाळीत. पुन्हा निघाले, पुन्हा जाळीत. तिसऱ्या वेळी जाळीजवळ आई उभी होती, तिलाही घेऊन गेले.

"अहो, संसारात पाडलंत ते कमी होतं का?" आई खालून ओरडली. शिट्टीबाईची शिट्टी हसता हसता तोंडातून पडली.

मग भिंगरीची पाळी. तिने टोकं जवळ आणली, गुडघे वाकवले, अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. जमतंय, जमतंय! आणि तेवढ्यात मागून जॅकेटला हिसका बसला. मागोमाग निघालेल्या बाबांनी तिला धरलं होतं. दोघं एकमेकांवर, चार स्की चार दिशांना.

"सोडा की मला!" भिंगरी अशी कडाडली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "तुम्ही धरलंत म्हणून पडले मी! माझी मी गेले असते तर पडले नसते!"

बाबा टोपीतला बर्फ काढायचं निमित्त करून खाली मान घालून बसले. कानाची पाळी लाल झालेली. ते बघून भिंगरीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

"मी वरच्या उतारावर जाते," ती शिट्टीबाईला म्हणाली.

"थांबता येतं तुला?"

"येईल."

बाबा म्हणाले, "बघू..."

"अहो!" आई म्हणाली. एवढंच. पण आईच्या त्या 'अहो'त अख्खं भाषण असायचं.

बाबांनी स्की काढल्या आणि मुकाट्याने उताराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले.

वर ओढून नेणारा दोर धरून भिंगरी चढली. वरून माणसं बोटाएवढी दिसत होती. पण आता परत फिरली तर सोमवार गेलाच म्हणून समजा. निघाली. वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मध्येच डावी स्की घसरली आणि ती पार कलली. आता बाबांची हाक येणार, तिला वाटलं. शिकाऊंवर ओरडतात तशी, "दाब! दाब!"

हाक आली नाही.

तिने स्वतःच पाय फाकवले, दात आवळले, दोन्ही टाचा सारख्या दाबल्या. बर्फ खरखरला. बाबांपासून दोन हातांवर ती थांबली.

"थांबलीस," बाबा म्हणाले.

भिंगरी भांडायच्या तयारीनेच आली होती. पण बाबा जरा तिरके का उभे आहेत, म्हणून तिने खाली बघितलं. डावा बूट बर्फावर होता. उजव्या बुटाखाली मात्र खड्डा. नडगीएवढा खोल, तळाला काळी माती दिसत होती.

"बाबा, हे काय?"

"कुठे काय."

"मघापासून दाबतायत!" ठमीने चुगली केली. "तू वरून निघालीस तेव्हापासून. आणि तोंडात हातमोजा धरला होता, ओरडायला नको म्हणून!"

बाबांनी हातमोजा पाठीमागे लपवला. त्यावर दातांचे ठसे होते.

मग बाबांनी खड्ड्यातून पाय उपसायला बघितला. निघेना. भिंगरीने त्यांना काखेत हात घालून धरलं आणि ओढलं.

"फॉर्म कुठाय तुझा?" तिच्या खांद्याला धरूनच बाबांनी विचारलं.

"खोलीवर. बॅगेत."

"घेऊन ये. पेनही आण."

"आत्ता?"

"आत्ता. पाय दुखतोय माझा. दुखतोय तोवर सही करून घे."

भिंगरीने स्की काढून तिथेच टाकल्या आणि ते जडशीळ बूट आपटत पळाली. पायऱ्यांपाशी पोचते न पोचते तोच मागून हाक आली, "अगं, हळू! पायऱ्यांवर बर्फ आहे!"

भिंगरीला राग आला. आला तसा गेला. पायऱ्या मात्र ती कठडा धरूनच चढली.