बंपरवरचा आकडा

१९

दुपारचे अडीच. वडप्याच्या गोदामात मुकादम हिरामण दर तासाला खडू घेऊन फिरतो आणि गाडी किती तास उभी आहे ते बंपरवर लिहितो. आकडा मोठा, ती गाडी आधी. लडकूच्या गाडीवर एकोणीस. खोकी दारात रचलेली, लेबलं तेवढी बाकी. पाचला निघाला तर ठाण्याला माल उतरवायचं गेट सहाला बंद व्हायच्या आत पोचेल. नाहीतर दुसरी रात्र केबिनमध्ये.

लेबलं रेंगाळत होती, कारण ज्या कॉम्प्युटरवरून ऑपरेटर रुचिका ती छापत होती, त्याच मशीनवर शेठचा साठ्याचा रिपोर्टही चालू होता. दोन्ही कामांचा प्राधान्याचा आकडा शून्य. तिने लेबलांना सर्वांत मोठा दिला.

एकोणीस.

२०

मिनिटाला एक लेबल.

आकडा खाली आणायला गेली. स्क्रीनवर आलं: परवानगी नाही.

परत आणला. परवानगी नाही.

वर नेताना कोणी विचारलं नव्हतं. बंद करून नव्याने सुरू करावं, तर लेबलांवरचे नंबर बदलणार आणि चिकटवलेली दोनशे फुकट. मशीन सांभाळणारा मुबश्शिर नारपोलीत, भाच्याच्या निकाहात. फोन बंद.

लडकू दारात. "ताई, मशीनपन जेवायला गेलं काय?"

तिने पुन्हा मुबश्शिरचा नंबर लावला.

२१

साडेचारला मुबश्शिरने फोन उचलला. मागे ताटं वाजत होती.

"एकोणीस? का?"

"मोठा आकडा पुढे, म्हणून."

"अगं, तो हिरामणचा हिशोब. इथे उलटं. मोठा आकडा म्हणजे भला माणूस. आप पहले, आप पहले म्हणत दारातच उभा."

खाली आणायला त्याचा पासवर्ड लागतो आणि तो फोनवर मिळणार नाही, हेही त्याने सांगितलं. मग म्हणाला, "रिपोर्ट तुझ्याच नावावर चालू आहे ना? त्यालाही एकोणीस दे. दोघं बरोबरीने चालतील."

तिने दिला. एक ओळ. प्रिंटर सुटला.

एक ओळ, आणि तिच्यापायी दोन तास गेलेले.

२२

शेवटचं खोकं चढलं तेव्हा साडेपाच झाले होते. लडकूने इंजिन सुरू केलं, ठाण्याला फोन लावला, ऐकून घेतलं, इंजिन बंद केलं.

रिपोर्टही पूर्ण झाला. शेठ तो सोमवारी बघणार होते.

रुचिका बाहेर आली. माफी मागायची होती, पण लडकू केबिनमध्ये चादर झटकत होता.

हिरामणने एकवीस पुसला, बावीस लिहिला.

"उद्या इथल्या गेटातून पहिला तूच," तो म्हणाला.

"तुज्या बोलन्यात कालबी मीच व्हतो," लडकू म्हणाला.